आत्याबाईंचा उजवा डोळा

"अगं, उभी काय राहिलीस? पोरगी पाजून झाली की दोन थेंब माझ्या डोळ्यात पिळ!"

लक्ष्मम्मांनी डाव्या डोळ्यावर पदर घट्ट दाबून धरला होता. चुलीसाठी गंजीतून तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, ओढताना एकीचं टोक थेट बुबुळात घुसलं होतं. किल्लारीच्या त्या गल्लीत डोळ्याला काही झालं की बायका बाळंतिणीचं दूध मागायला येत. देणारीला पुण्य लागतं म्हणत. आता तर बाळंतीण घरातच होती. सून मंजुश्री, आणि तिची चार महिन्यांची शिवानी.

'आत्याबाई, दवाखान्यात जाऊ या,' हे शब्द मंजुश्रीच्या ओठांपर्यंत आले. पण सासूपुढं बोलायचं कसं? तिनं मुकाट्यानं दूध पिळलं.

आठ दिवस डोळा लालभडक राहिला. मग ठणका उतरला, पण त्या डोळ्यानं दिसणं जवळजवळ बंद झालं. लक्ष्मम्मा हसून म्हणायच्या, "देवानं दोन कशाला दिलेत? एकावर भागतंय की!"

पाचव्या आठवड्यात उजवा डोळाही लाल झाला. उजेड सोसेना. त्या आतल्या खोलीत पदर ओढून बसू लागल्या. एका सकाळी नातीला मांडीवर घेतलं आणि हळूच विचारलं, "मंजू, हिचं तोंड मला धुरकट का दिसून राहिलंय गं?"



त्याच दिवशी शिवानीच्या राहून गेलेल्या लसीची आठवण करून द्यायला गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या. चतुराबाई त्यांचं नाव, आणि तोंड भारी फटकळ.

"खुडूक कोंबडीवानी अंधारात काय बसलाव, लक्ष्मम्मा?"

"टोमणे नको मारू बाई. उजवा डोळा बी रुसलाय."

"उजवा? तुराटी तर डाव्याला लागली व्हती!" चतुराबाई एकदम गंभीर झाल्या. "तव्हा डॉक्टरला दाखवलं का?"

"दूध घातलं की. माझ्या सासूनं बी हेच केलं व्हतं."

"दूध लेकराच्या पोटासाठी असतंय! डोळ्याला टोक लागलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आन् एकाला लागल्यावर दुसरा बिघडून राहिला, तर आता घटकाभर बी थांबू नका."

"उद्या अमावस्या हाय. परवा माझा ल्योक उमाशंकर येतोय, मंग बघू."

"नाही आत्याबाई, आजच!" मंजुश्रीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "त्या दिवशी मी गप्प बसले, ती माझी चूक झाली. आज न्हाई बसायची!"

लक्ष्मम्मांनी तोंडाला पदर लावला. "ही कव्हा बोलाया शिकली?"

"बोलली हे तुमचं नशीब. उठा!" चतुराबाईंनी त्यांच्या हाताला धरून उठवलंच.

शिवानीला कडेवर घेऊन मंजुश्रीनं जीप धरली. लातूरला डोळ्यांच्या डॉक्टर ऋतुजाताईंनी दोन्ही डोळे तपासले. मग खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "आजी, डोळ्याच्या आतला भाग शरीरात रोगाशी लढणाऱ्या पहारेकऱ्यांना सहसा दिसत नाही. खोल जखम झाली की दिसतो, आणि त्यांना तो परका वाटायला लागतो. मग ते दोन्ही डोळ्यांवर तुटून पडतात, चांगल्यावरसुद्धा. क्वचितच होतं असं. पण उपचार झाले नाहीत, तर दोन्हीची नजर जाऊ शकते."

"म्हंजी माझ्या सुनेच्या दुधानं झालं?"



"नाही. हा आजार दुधानं होत नाही. पण दुधानं जखमेत जंतू जाऊ शकतात, आणि तुमचे पाच आठवडे वाया गेले. तेव्हाच आला असता तर जखम शिवता आली असती. आता डाव्याची खात्री देत नाही. उजव्यासाठी मात्र जिवापाड प्रयत्न करू."

इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या, दर तासाला थेंब. लेकराला पाजायचं, सासूच्या डोळ्यात औषध घालायचं, पुन्हा पाजायचं. मंजुश्रीला तर वारही आठवेनात. गोळ्या कित्येक महिने चालणार, मनानं बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उमाशंकर आला, तोही आईजवळ बसू लागला.

तिसऱ्या आठवड्यात लक्ष्मम्मा खिडकीशी बसल्या होत्या. शिवानी त्यांच्याकडं बघून खुदकन हसली, आणि त्या ओरडल्याच, "अगं बाई! मंजू, पळ! दात फुटलाय की हिला, खालचा!"

मंजुश्री धावत आली. तांदळाच्या कणीएवढा दात, तिच्याही ध्यानात आला नव्हता! सासूनं तो आधी पाहिला होता, उजव्या डोळ्यानं.

दोघी हसता हसता रडू लागल्या. लक्ष्मम्मांनी सुनेचा हात आपल्या गालाला लावला. "डावा गेला, त्याचा दोष माझ्या हट्टाचा. उजवा राहिला तो तुझ्या बोलण्यानं. असंच बोलत जा माय, मी रागावले तरी बोल."

बायाबापड्यांनो, डोळ्याला मार लागला की दूध, मध, तूप काही घालू नका. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. जखम भरल्यासारखी वाटली, तरी पुढं कधी दुसरा डोळा लाल झाला, धुरकट दिसू लागलं, तर मुहूर्त बघत बसू नका. आणि घरातली धाकटी सून काही सांगू पाहत असेल, तर तिला बोलू द्या. मोठ्यांचा मान राखायचा म्हणून तिनं गप्प राहावं, आणि त्यापायी घरातल्या माणसाची नजर जावी, असा मान कुणालाच नको!