तेरा वर्षं वाजलेला गोळा

मी एक जुना तोफगोळा आहे. मित्रांनो, लगेच पळू नका. ज्यांनी घाबरायला हवं होतं ती माणसं तेरा वर्षं घाबरली नाहीत, आणि माझी सगळी कहाणी त्यातच आली. वर्धा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी घंटा होतो. माझ्या ठोक्यावर पोरं प्रार्थनेला उभी राहत, डबे उघडत, दप्तरं उचलून घरी धूम ठोकत. आणि एवढी वर्षं माझ्या पोटातली दारू जशीच्या तशी होती. हे मला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणालाही नव्हतं.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला ओतलं, घासलं, भरलं, रंगवलं. मग लांबच्या एका मैदानावर सरावासाठी तोफेतून उडवलं. बाकीचे सगळे फुटले. मी मात्र ओल्या मातीत तोंड खुपसून पडलो आणि फुटलोच नाही. आमच्या जातीत ही मोठी नामुष्की. तिथेच कितीतरी पावसाळे काढले. रंग गेला, अंगावरची अक्षरं गेली, टोकाचं पितळी टोपण हिरवं पडलं. शेवटी कोणीतरी मला उकरून भंगारात घातलं.

१९९१ च्या जुलै महिन्यात तो भंगाराचा ट्रक पुलगावच्या अलीकडे एका गावाशी काळ्या मातीत फसला. गावकऱ्यांनी सगळा माल खाली उतरवला, चार बैलजोड्या जुंपल्या आणि ट्रक वर काढला. ड्रायव्हर खूश झाला. म्हणाला, या ढिगातलं काय पाहिजे ते घ्या. गावात त्याच महिन्यात आठवीचा वर्ग सुरू झाला होता. तोवर सातवी झाली की पोरी घरी बसत. नव्या हायस्कुलाला दोन खोल्या होत्या, एक फळा होता, घंटा तेवढी नव्हती. शाळेचा शिपाई तानबा ढिगाभोवती फिरता फिरता माझ्यापाशी थांबला.

आता तुम्ही विचाराल, तोफगोळा पाहून कोणी दचकलं कसं नाही? खरी गोम तीच आहे. त्या मुलखात दारूगोळ्याचं कोणाला नवल नाही. दर दुसऱ्या घरातला माणूस पुलगावच्या लष्करी दारूगोळ्याच्या डेपोत कामाला, जेवताना गप्पा त्याच. त्यामुळे भ्यायचं सोडून त्यांनी जाणकाराला बोलावलं. रूपराव तीस वर्षं डेपोत नोकरी करून नुकतेच घरी बसले होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि काठीने दोनदा टकटक केलं. सगळा गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"रिकामा हाय," रूपराव म्हणाले. "भरला असता तर असा रस्त्यानं फिरला असता काय? टांगा बिनधास्त."

रूपरावांनी तिथे नेमकं काय काम केलं, हे कोणी विचारलं नाही. तानबाने माझ्या कमरेला जाड तार गुंडाळली आणि मला आठवीच्या वर्गासमोर, वऱ्हांड्यातल्या लोखंडी अँगलला टांगलं. पहिला ठोका बसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे कुठे आहेत?

काही झालं नाही. दुसऱ्या ठोक्यालाही नाही. दिवसाला आठ वेळा तानबा लोखंडी सळईने माझ्या पोटावर मारायचा आणि मी प्रत्येक वेळी वाट पाहायचो.

शाळा मात्र वाढली. नववी आली, दहावी आली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली सायकलवर येऊ लागल्या. पुस्तकांची एक पेटी आली, मग दोन कपाटं. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या आल्या, वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली आल्या, पुढे एक कॉम्प्युटरही आला. तो वर्षभर प्लॅस्टिकच्या टोपड्याखालीच होता, पण त्याच्यापुढे रांगा लागत. मला त्या पोरांचा लळा लागला होता, हे कबूल करतो. पाढे, कविता, प्रमेयं, सगळं मला पाठ होतं.

आणि त्याच शाळेने एक रीत पाडली. जे पोर स्कॉलरशिपमध्ये येईल, जे दहावीला पहिलं येईल, त्याने पंधरा ऑगस्टला सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने घंटेला पाच ठोके द्यायचे. केवढा मान! आया नवी लुगडी नेसून बघायला येत. पोर जितकं हुशार, तितकं ते माझ्याजवळ यायचं. हसत हसत सळई उचलायचं आणि अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने मारायचं. त्या टाळ्या आठवल्या की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

१९९७ साली तर दहावीतल्या दोघांनी मधल्या सुट्टीत पाना आणला. माझं पितळी टोपण काढून त्याची पेन ठेवायची डबी करायची, असा बेत होता. टोपण अर्धा आटा फिरलं. मग गंजाने ते घट्ट धरलं. दोघं वैतागून पाणी प्यायला गेले. आज त्यांच्यातला एक बँकेत आहे, एक शेती करतो. ते जिवंत आहेत ते गंजाच्या कृपेने.

२००२ च्या पंधरा ऑगस्टला स्कॉलरशिप मिळवलेली मोहिनी पुढे आली. ती रूपरावांचीच नात. पाच ठोके तिने दिले, टाळ्या झाल्या, पण ती जागेवर गेली नाही. मान तिरकी करून ऐकत राहिली. माझा आवाज तिला पटला नव्हता.

तो गावालाही पटत नव्हताच. माझा ठोका 'ठप्' असा बसायचा आणि तिथेच मरायचा. पलीकडच्या वस्तीवरची पोरं म्हणत, घंटा ऐकूच आली नाही. तार झिजून अर्धी झाली होती, ती वेगळीच. २००४ च्या डिसेंबरात शाळा समितीने ठरवलं की घंटेला पाठीमागून पक्की कडी वेल्ड करायची आणि पोटाला दोन भोकं पाडायची, म्हणजे आवाज मोकळा होईल. पुलगावहून भूपेंद्र वेल्डरला शनिवारी बोलावलं. हे ठरलं ते माझ्याच खाली बसून, चहा पीत.

मोहिनी तेव्हा दहावीत होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता, 'धातूचा आवाज किती वेळ टिकतो?' रिकामा तांब्या दोरीला टांगून वाजवायचा आणि घड्याळ पाहायचं. मग त्यात ओली माती ठासून भरायची आणि पुन्हा वाजवायचं. रिकामा तांब्या घुमत राही, भरलेला ठप् करून गप्प होई. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती लाकडाचा तुकडा घेऊन माझ्यापाशी आली. एकदा वाजवलं. पुन्हा एकदा वाजवलं. मग वहीत काहीतरी लिहिलं.

ती तडक विज्ञानाच्या धनंजय सरांकडे गेली. सरांनी वही पाहिली, चष्मा काढून पुसला.

"तुझ्या आबाजींनीच पाहिला होता ना गं तो?"

"हो सर."

"मग प्रदर्शन होऊ दे. सोमवारनंतर बघू."

सर वाईट नव्हते, पण रूपरावांचा शब्द खोटा कसा म्हणायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. पण सोमवारपर्यंत वेळ कुठे होता? वेल्डर तर दुसऱ्याच दिवशी यायचा होता.

शनिवारी सकाळच्या शाळेत भूपेंद्रचा टेम्पो आला. मला खाली उतरवून दोन विटांवर आडवं ठेवलं. हेडमास्तरांना वाटलं, वेल्डिंग कसं करतात हे पोरांना प्रत्यक्ष दिसेल, अशी संधी पुन्हा कुठे मिळणार! त्यांनी आठवीचा अख्खा वर्ग बाहेर आणून माझ्याभोवती गोल बसवला. लहान पोरं पुढे, उंच मागे. रूपरावांना खुर्ची दिली. भूपेंद्रने गॅस सोडला, काडी ओढली आणि निळी ज्योत सूं सूं करू लागली. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. तेरा वर्षं मी त्या शाळेचा आवाज होतो आणि नेमका त्या वेळी मला आवाज नव्हता.

"थांबा!" मोहिनी दोन्ही हातांत दोन तांबे घेऊन धावत आली आणि माझ्या आणि ज्योतीच्या मध्ये उभी राहिली.

"सरक ना पोरी, भाजशीन," भूपेंद्र म्हणाला.

ती सरकली नाही. ती आजोबांकडे वळली. "आबाजी, हा रिकामा हाय हे कोनं पाह्यलं होतं?"

"म्या पाह्यलं. साऱ्या गावाले मालूम हाय."

"कसं पाह्यलं?"

"काऊन विचारून राह्यली? काठीनं वाजवून पाह्यलं."

"मंग आता पुन्हा वाजवा. पहिले हे दोन तांबे, मंग तो."

रूपरावांचा चेहरा लाल झाला. नातीने चारचौघांत असं विचारावं! पण पोरं पाहत होती, म्हणून त्यांनी काठी उचलली. रिकामा तांब्या टण्ण करून घुमला. भरलेला ठप् झाला. मग काठी माझ्यावर बसली. ठप्.

काही लहान पोरं हसली. त्यांना तो खेळ वाटला.

"आबाजी," मोहिनी हळू आवाजात म्हणाली, "तुमी डेपोत काय काम करत होते?"

रूपरावांनी नातीकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोरांकडे. त्यांच्या हातातली काठी गळून पडली.

"भूपेंद्रा, बंद कर ते," ते म्हणाले. "म्या तीस वर्ष पेट्या ठोकल्या. लाकडाच्या पेट्या. गोळ्याले हात नाई लावला कधी." ते मोहिनीकडे वळले. "त्या दिवशी सारा गाव माह्याकडं पाहून राह्यला होता. मले मालूम नाई, एवढं म्हनता नाई आलं."

भूपेंद्रने गॅस बंद केला आणि तो मागे मागे सरकत टेम्पोपर्यंत गेला. धनंजय सरांनी आवाज न चढवता पोरांना उभं केलं, एकामागे एक रांगेत. पळायचं नाही, बोलायचं नाही. त्या दिवशी शाळा घंटेशिवाय सुटली. तानबा सगळ्यांत शेवटी निघाला. जाताना त्याने स्वतःचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

दुपारी बॉम्ब निकामी करणारी वर्दीतली माणसं आली. त्यांच्या साहेबांनी गुडघे टेकून मला नीट पाहिलं, टोपणाचा अर्धा फिरलेला आटा पाहिला.

"किती वर्षं वाजवता याला?"

"तेरा," हेडमास्तर म्हणाले.

साहेब वऱ्हांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. मग त्यांनी मोहिनीची वही मागितली. तिने दिली नाही. सोमवारी प्रदर्शन आहे, पाहिजे तर उतरवून घ्या, म्हणाली. साहेबांनी खरंच खिशातून कागद काढून उतरवून घेतलं.

आता मी गावापासून लांब, ओसाड माळावर एका खोल खड्ड्यात पडलो आहे. चहूबाजूंनी वाळूची पोती आहेत. मला उडवून देण्यासाठी तार जोडून माणसं दूर निघून गेली आहेत. माझ्याकडे थोडाच वेळ आहे. मला वाईट वाटत नाही. एकाही पोराला ओरखडा न काढता मी जातो आहे, याहून मोठं भाग्य माझ्या जातीत कोणाचं नसेल.

पण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. त्या ट्रकमध्ये मी एकटा नव्हतो. माझ्याच मैदानावरून उकरलेला दुसरा एक होता, माझ्यासारखाच भरलेला. काळ्या मातीत फसण्याच्या आदल्या दिवशी ट्रक एका गावी थांबला आणि त्याला तिथे उतरवलं. गाव कोणतं ते मला ठाऊक नाही, मी ढिगाच्या तळाशी होतो. कोणीतरी म्हणालं ते तेवढं ऐकू आलं, "द्या, आमच्या शाळेले कामी येईल."

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, उद्या शाळेत गेलात की तुमची घंटा कशाची आहे ते लांबून पाहा. माझ्यासारखी दिसली तर हात लावू नका, वाजवून पाहू नका, मोहिनीचा प्रयोगही करू नका. पोरांना दूर न्या, पोलिसांना कळवा. मोठी माणसं म्हणतील, इतकी वर्षं रोज वाजवतो आहोत, काही झालं का? माझ्याबद्दलही ती असंच म्हणत होती.