मधली जागा

निलव्वाचं नि तिच्या सासूचं उभ्या जन्मात पटलं नाही. भाकरी जाड झाली तरी भांडण, पातळ झाली तरी भांडण. दोघींच्या मधे सापडायचा तो बिचारा मल्लाप्पा. खाली मान घालून जेवायचा आणि दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा. पुढं सासू गेली. तिला रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, नेऊन बसवलं. चार-सहा वर्षांत मल्लाप्पाचंही भरत आलं, तेव्हा त्यानं अंथरुणावरून बायकोला बजावून ठेवलं.

"जल्मभर तुमा दोघींच्या मदी मी बसलो. आता मी बेलाकडंच्या कडंला बसतो. मदली जागा तुझी. काय भांडायचं ते शेजारी शेजारी बसून भांडा."

लिंगायतांत मेलेलं माणूस आडवं पुरत नाहीत. चौकोनी खड्डा काढायचा, मांडी घालून बसवायचं, हातात लिंग द्यायचं, भोवतीनं विभूती नि बेलाची पानं घालायची आणि माती लोटायची. त्यामुळं लांबट उंचवटा असा काही राहत नाही. गरिबाघरी वर एखादा दगड ठेवला की झालं. इथंही तसंच होतं. सासूवर एक दगड, मल्लाप्पावर एक दगड, मधे निलव्वाची रिकामी जागा. दर अमावास्येला ती दोघांपुढं दिवा ठेवायची. नवऱ्यापुढं नुसती बसायची, सासूपुढं मात्र जुन्या चार गोष्टी काढून बोलून घ्यायची. त्याशिवाय तिला घरी गेल्यावर जेवण गोड लागायचं नाही.

ही गोष्ट एकोणपन्नास सालची, संस्थानं नुकतीच विलीन झाली होती तेव्हाची. पलूसच्या अलीकडं, येरळेकाठच्या त्या गावात रुद्रभूमीला लागून आप्पासोचा ऊस होता. आप्पासो माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. कुणाच्या अडीनडीला रात्री-अपरात्री गाडी जुंपायचा. पण जमिनीची भूक लय वाईट! दर साली त्याचा नांगर बांध कोरत कोरत थोडा आत यायचा, आणि मेलेली माणसं काही कचेरीत जात नाहीत. त्या साली निलव्वा दिवा घेऊन गेली, तर बांध नाही, दगड नाहीत, आणि सासूच्या डोक्यावर उसाची लागण!

निलव्वा दिवा हातात घेऊन तशीच आप्पासोच्या दारात जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, काकी, तुमचं आता वय झालं, रुद्रभूमी बेलापाशी संपते, इकडं कुणाला कधी पुरलेलंच नाही. घरच्यांनीही समजूत घातली, की सासूशी एवढं वैर होतं, आता कशाला तिच्यासाठी जीव टाकतेस?

"माझ्या सासूला शिव्या द्यायचा हक्क माझा. नांगर घालायचा कुणाचाच न्हाई," निलव्वा म्हणाली.

गावाचं म्हणाल तर निम्मं गाव आप्पासोच्या गुऱ्हाळावर राबत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? दोघांना बसवणारा जुना जंगमही गेला होता आणि त्याच्या जागी त्याचा तरणा पोरगा मठातून नुकताच आला होता. मग निलव्वा एकटीच तासगावला चालत गेली आणि मामलेदार दाद देईपर्यंत कचेरीच्या पायरीवरून हलली नाही.

मामलेदार आला त्या दिवशी सगळं गाव लोटलं. तो आटपाडीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला सरळ. त्यानं आधी कायदा सांगितला. जिथं माणसं पुरलीत ती जमीन कुणी नांगराखाली घालू शकत नाही, बांध कोरून ती कुणाची होत नाही. पण पुरलीत हे दिसलं पाहिजे. संस्थानी दफ्तरातला नकाशा अजून आलेला नाही, आणि साक्षीला कुणी तोंड उघडत नाही.

"मग उकरून बघा की," आप्पासो सगळ्यांदेखत म्हणाला. "माझी काय ना न्हाई."

गडी पक्का होता. पुढं काय होणार ते त्याला ठाऊक होतं. जंगमानं कानांवर हात ठेवले. एकदा बसवलेलं माणूस पुन्हा उघडं करायचं नसतं. मामलेदारही म्हणाला, की परवानगीवाचून कबर उकरणं हा गुन्हाच आहे, आणि ज्यांचा ठावठिकाणा सिद्ध नाही त्यांच्यासाठी परवानगी कशी मागायची? म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. आप्पासो मिशीत हसला.

निलव्वाला पुढचं सगळं दिसू लागलं. आपल्याला उद्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसवतील, आणि मल्लाप्पाच्या अंगावरचा ऊस सालोसाल गुऱ्हाळात जाईल. तिला रडू फुटणार होतं. पण डोळे पुसता पुसता तिची नजर लागणीच्या त्या पट्ट्यावर गेली, आणि ती एकदम थांबली.

"सायेब, मेलेल्याची जागा उकरायची न्हाई. जित्या माणसाची उकरली तर चालंल का?"

मामलेदाराला काही उमगेना. ती पुढं झाली आणि उसात एका जागी पाय रोवून उभी राहिली.

"हिकडं आत्ती, तिकडं मालक. मदली जागा माझी. मी अजून जिती हाय, आणि माझी परवानगी हाय. माझी जागा उकरा."

 मामलेदाराच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. रिकाम्या जागेला कुठला कायदा आड येत नव्हता, आणि आप्पासो आपल्या तोंडानं 'उकरा' म्हणून बसला होता. बायकांनी मात्र गलका केला, की काढलेला खड्डा माणूस मागतो. मागू दे, त्याला म्हणावं जरा दम धर, असं निलव्वानं परतून सांगितलं.

कुदळीला हात लावायला कुणी धजेना. शेवटी तरण्या जंगमानंच धोतर खोचलं आणि पहिला घाव घातला. ते बघून गुऱ्हाळावरचे दोघे गडी आप्पासोकडं न बघता पुढं आले, आणि त्यांनी खोरी उचलली.

वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, कधीच न हललेला. खड्डा कमरेच्या वर गेला तेव्हा मामलेदार बूट काढून आत उतरला आणि खोऱ्यानं कडा तासू लागला. सासूच्या बाजूला मुरूम एकाएकी संपला, भिंत असावी तसा सरळ उभ्या रेघेत. रेघेपलीकडं काळी नि पिवळी माती एकमेकींत कालवलेली, आणि तिच्यात विभूतीचे पांढरे कण. मल्लाप्पाच्या बाजूलाही तेच. त्यापुढं त्यानं खोरं लावलं नाही. आप्पासोला आत बोलावलं आणि रेघेवर बोट ठेवलं.

"ही जुन्या खड्ड्याची रेघ. नांगरानं अशी पडत नाही, आप्पासो."

आप्पासोनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यानं डोक्यावरचा पटका काढला. चुकलं, एवढंच म्हणाला.

लागण आप्पासोनं उपटायची, बांध स्वतःच्या खर्चानं जुन्या जागी घालायचा, असा हुकूम तिथंच झाला. गुऱ्हाळावरचे गडी पोरासोरांसकट ओरडले आणि कुणीतरी हलगीच घेऊन आलं. आप्पासो आपल्या विहिरीवरून दोन्ही दगड स्वतः खांद्यावर घेऊन आला. सासूचा दगड तिथं धुण्याला लावला होता. ते कळल्यावर निलव्वाला हसू आवरेना. जन्मभर सुनेकडून धुणं धुऊन घेतलं, आता म्हातारीला कळलं असेल, असं म्हणून तिनं दगड पदरानं पुसला आणि तिच्या डोक्यावर नीट बसवला.

खड्डा बुजवायच्या आधी ती म्हणाली, मला जरा आत उतरवा. लोक नको नको म्हणत असताना ती उतरली आणि मांडी घालून बसली. जागा ऐसपैस होती. एका हाताला मल्लाप्पा, एका हाताला सासू. तिनं सासूच्या बाजूच्या मातीवर हात ठेवला.

"आत्ती, तुमची जागा सोडवून आनली. आता तरी म्हना, सून बरी हाय."

तिनं मातीला कान लावला. 

"न्हाई म्हनायची ती," निलव्वा हसत म्हणाली, "अजून लय दिवस माझ्याकडनं दिवा लावून घ्यायचाय तिला." आणि तिनं वर हात केला. तो हात धरून तिला बाहेर काढणारा आप्पासो होता.