पुढ्यात फेकलेला शब्द

गिरिजानं मोरेश्वरांचा हात माइकच्या दांड्यावर नेऊन ठेवला आणि ती पहिल्या रांगेत, अगदी त्यांच्या समोर येऊन बसली. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेल्याला तीन वर्षं झाली होती. रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला आदर्श नगरातल्या मराठी मंडळानं रविवारच्या जेवणाआधी वीस मिनिटं दिली होती. विषय त्यांनीच निवडला होता: 'प्रॉब्लेम' हा शब्द. त्या वीस मिनिटांसाठी गिरिजा महिनाभर जाडजूड कोश मांडीवर घेऊन त्यांना वाचून दाखवत होती, एकेक अक्षर लावत.

"शब्द मूळचा ग्रीक," मोरेश्वर म्हणाले. "पुढ्यात फेकलेली वस्तू. वाट अडवणारी. पुढे त्याचा अर्थ झाला समोर टाकलेला प्रश्न, गणितातलं उदाहरण. आणि आज? आमच्या हिला विचारा. नळाला पाणी नाही, प्रॉब्लम. गुडघा दुखतोय, प्रॉब्लम. चाळीस वर्षांत उच्चार काही सुधारला नाही. माझ्या पुढ्यात फेकलेली पहिली वस्तू म्हणजे हीच."

हॉल खदखदून हसला. मागच्या बाईनं हसत हसत गिरिजाच्या खांद्यावर थाप मारली. गिरिजानं पदर सारखा केला.

चाळीस मिनिटं झाली. बाहेरून पुऱ्यांचा वास येऊ लागला. मंडळाचा सचिव मंगेश तिच्याजवळ वाकला.

"काकू, जेवण थंड होतंय. सरांना आवरतं घ्यायला सांगता का?"

"त्यांना मधे थांबवलेलं आवडत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जा सगळे. खुर्च्या तेवढ्या वाजवू नका."

मंगेश घुटमळला. मग गिरिजानंच मागे वळून हातानं खूण केली. लोक रांगेरांगेनं उठले. काहींनी चपला हातात घेतल्या. मंगेशनं सर्वांत शेवटी बाहेर पडून दार लोटून घेतलं.

मोरेश्वर ढालीवर आले होते. ग्रीक लोक ढालीलाही हाच शब्द वापरत, असं सांगता सांगता ते थांबले. माइकवर हात ठेवून त्यांनी कान दिला.

"गिरिजा, फार शांत आहेत गं. ऐकतायत ना?"

तिनं रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"ऐकतायत की. रंगलेत अगदी. ते सुरुवातीचं पुन्हा एकदा सांगा म्हणतायत."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, घसा खाकरला.

"तर मंडळी," ते म्हणाले, "शब्द मूळचा ग्रीक."