न चुकणारी पट्टी

त्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही. शब्दकोशाच्या शेवटच्या खंडात, जिथे माझा हात क्वचित जातो, तिथे ते ठेवून दिलं होतं.

पत्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. "गोधडीच्या सामानावरची तुमची पुस्तिका वाचून मी सगळा संच घेतला. 'हात चुकेल, पट्टी चुकणार नाही,' असं तुम्ही लिहिलं आहे. माझी गोधडी वाकडी झाली. राग मानू नका, पण तुम्ही स्वतः या पट्टीने एक तरी तुकडा कापून पाहिला होता का?"

नव्हता. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. संच विकणाऱ्या दुकानदाराने आणलेला मजकूर इतका गचाळ होता, की मी तो नव्याने लिहून दिला. त्याने खूश होऊन खाली माझं नाव घातलं. पट्ट्यांवर छापायचे आकडे आणि अक्षरंही मीच तपासली. एक वेलांटी चुकू दिली नाही. पण पट्टीला दुसरी पट्टी लावून पाहावी, हे काही सुचलं नाही. ते वाक्य जमलं तेव्हा मी दिवसभर खुशीत होतो, हे सांगायलाही आता लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आक्का राहायला आली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पन्नास वर्षं ती गोधड्या शिवते आहे. एक कात्री, एक सुई आणि पुठ्ठ्याचा पाच इंची चौकोन, एवढ्यावर. या वेळी तिने पिशवीतून तोच संच काढला.

"भावाचं पुस्तक म्हटल्यावर घ्यायला नको?"

शब्दकोशातल्या पत्राचा विषय मी टाळला. मला ते नेहमीच चांगलं जमतं.

तिच्या नातीला मूल होणार होतं, त्याची गोधडी करायची होती. तीन दिवस आक्का जेवणाच्या टेबलावर वाकून बसली. चौथ्या दिवशी पाहतो तर सगळे तुकडे पिशवीत परत भरत होती.

"काय झालं?"

"ओळी जुळत नाहीत रे. सोळा तुकड्यांच्या ओळीत इंचाचा फरक पडतोय. हात गेले माझे."

"पुन्हा काप की."

"तीनदा कापले. जाऊ दे, नातीला सांगते, विकतची आण. बाळाला वाकडी कशाला?" तिने आपली कात्री माझ्यापुढे सरकवली. "ही ठेव तुला. कागद काप."

"पट्टी चुकली असेल, आक्का."

"पट्टी कशी चुकेल? तूच लिहिलंयस ना."

हे ती टोमणा म्हणून म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती मनापासून म्हणाली होती.

मी छापखान्यातली माझी जुनी पोलादी पट्टी काढली. संचातली लांब पट्टी बरोबर निघाली. चौकोनी पट्टीचे पाच इंच मात्र अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने, कमी होते. दोन मिलिमीटरही नाहीत, पण सोळा तुकड्यांत बरोबर एक इंच. आक्काने एक ओळ लांब पट्टीने कापली होती, दुसरी चौकोनीने.

मी दुकानदाराला फोन लावला.

"अहो काका, अर्ध्या सुताचं काय घेऊन बसलात? बायका विरंगुळा म्हणून शिवतात. मोजतंय कोण?"

"मोजतात. तीनदा मोजतात, आणि मग स्वतःलाच दोष देतात."

"बरं, पुढच्या खेपेला बघू. तुमची ती ओळ मात्र हवी हं. तिच्यावरच तर माल खपतो."

"ती ओळ काढा. माझं नावही काढा," मी म्हणालो.

आक्काने चौकोनी आणि पोलादी, दोन्ही पट्ट्या आपल्या पुठ्ठ्याला लावून पाहिल्या. पुठ्ठा पोलादी पट्टीशी तंतोतंत जुळत होता.

"म्हणजे तीन दिवस मी माझ्या हातांना शिव्या घालत होते."

"हो."

"आणि तू न बघता लिहिलंस."

"हो."

"पंडित," ती म्हणाली. लहानपणापासून तिच्या तोंडची याहून मोठी शिवी मी ऐकलेली नाही.

मग तिने संच टेबलावर उलटा केला. "घे लिहून. सुई ओवायची तार, दुसऱ्याच दिवशी तुटली. हे गोल पातं दुपदरी कापडावर घसरतं, बोट जायचं एखादीचं. ही खुणांची पेन्सिल धुतली तरी जात नाही. बोटावर चढवायच्या या प्लॅस्टिकच्या अंगुस्तानातून सुई आरपार जाते. मग ते घालायचं कशाला, शोभेला?"

"घ्यावं असं काय आहे?"

"कात्री. आणि तिला कागद लावू देऊ नये कुणाला." असं म्हणत तिने माझ्यापुढची कात्री उचलून घेतली आणि चौकोनीने कापलेले तुकडे बाजूला काढायला बसली.

मी शब्दकोशाचा खंड उघडला आणि उत्तर लिहिलं. "नाही, बाई. मी एकही तुकडा कापून पाहिला नव्हता. तुमचा हात चुकला नाही. चौकोनी पट्टी अर्ध्या सुताने कमी आहे आणि ते वाक्य खोटं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाच हे कळवायला हवं होतं." खाली आक्काची यादी उतरवली. मग कागदाच्या कात्रीने पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला. पहिला वाकडा गेला, दुसराही. तिसरा चारही बाजूंनी पोलादी पट्टीला लावून पाहिला आणि पाकिटात घातला.

पाकीट जाड झालं, म्हणून पोस्टाच्या खिडकीवर वजन करावं लागलं.

"आत काय आहे?" कारकुनाने विचारलं.

"पुठ्ठा," मी म्हणालो. "पाच इंच. मोजलेला आहे."

त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.