गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशीचं रक्त

वाडीतल्या रावजीने लिफाफा माझ्या हातात दिला, पण तो घरात आला नाही. मुंबईहून आलेला माणूस आधी पाणी मागतो. त्याने मागितलं नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"काकी, मुंबईतच भागोजीला कळवलाय मी. तो निघतोय."

"माझा झील कशाला निघतोय? काय लिहिलाय ह्याच्यात?"

"तिथल्या लॅबातल्या बाईने सांगितला, ही कॅन्सरची तपासणी."

कागद इंग्रजी होता. प्रौढांच्या वर्गात मी मराठी अक्षरं तेवढी शिकले होते, पण इंग्रजी आकडे मला कळत. तीनशे दहा. शेजारी पस्तीस. पस्तीसपर्यंत चालतं, त्यापुढे नाही, असं रावजी म्हणाला. भागोजीची बायको, माझी सून हौसा, चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण भाकरी तव्यावर करपत होती आणि ती नुसती बघत होती.

तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पाळीत अशा कळा यायच्या की बाजूला बसलेली असताना ती पदर तोंडात कोंबून कण्हायची. सगळ्याच बायकांना दुखतं, असं मी दोन वर्षं म्हणत राहिले. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, डाव्या अंडाशयावर गाठ आहे. "गर्भाशयाचं अस्तर कधी कधी बाहेर वाढतं. पाळीला तिथंही रक्त साचतं, त्याची गाठ होते. तसं असेल, किंवा वाईटही असेल. रक्तात एक खूण मिळते, त्यावरून थोडा अंदाज येतो. नवीन तपासणी आहे, मुंबईत होते." हे अठ्ठ्याऐंशी साल. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातल्या बर्फात ठेवलेली रक्ताची बाटली घेऊन रावजी एसटीने मुंबईला गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रत्नागिरीला गेलो. बाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"आकडा फार मोठा आहे. मुंबईला न्या. गाठ वाईट निघाली तर गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, सगळं काढावं लागेल."

"मग मूल?"

"आधी जीव, आजी."

बाहेर बाकड्यावर हौसाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आत्या, देवीनं धरला मला."

"काय बोलतंस?"

"गाऱ्हाण्याच्या सकाळीच मी बाजूला झालेले. पाळी आठ दिवस आधीच आली. तुम्ही नारळ हातात दिलात, मानकरी येऊन बसलेले. कसा सांगू? तशीच देवीपुढे उभी राहिले. नंतरही लपवला."

आमच्याकडे मोठं काम निघालं की गुरव देवीपुढे त्या माणसाच्या नावाने मागणं घालतो, आणि तो माणूस नारळ घेऊन समोर उभा राहतो. रक्त द्यायच्या आदल्या दिवशी मीच हे गाऱ्हाणं घालायला लावलं होतं. तेव्हा मला पहिली भीती वाटली ती देवीची, सुनेच्या जिवाची नाही. हे मी लपवत नाही. कुणी ऐकलं का म्हणून मी आधी मागे वळून बघितलं.

मग आठवलं. रक्त घेताना बाईंनी विचारलं होतं, पाळी कधी? पाळीत हे रक्त घ्यायचं नाही, असंही म्हणाल्या होत्या. आमच्या घरात बाई बाजूला बसली की शेजारच्या वाडीलाही कळतं, त्यामुळे तिला स्वतःला कुणी विचारत नाही. मीच बोटं मोजून म्हटलं होतं, "अजून आठ दिवस हायत." हौसा जमिनीकडे बघत राहिली होती.

"चल, सांगू त्यांना."

"नको आत्या! आत सावित्री हाय." सावित्री दवाखान्यात आया होती, आमच्या सदू गुरवाची सख्खी बहीण. "गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाय."

"आणि पोट रिकामा करून आणलास तर कुणाला दाखवशील गो तोंड?"

सावित्री दाराशीच उभी होती. ती हलली नाही. मी तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

बाई भडकल्या. "मी हिला विचारलं होतं, तुम्हाला नाही! पाळीत हा आकडा चढतो. अस्तराच्या आजारात तर फारच चढतो."

"म्हणजे कॅन्सर नाय?"

"तसं मी म्हणाले नाही. खूण आहे ती, निकाल नाही." त्या हौसाकडे वळल्या. "पाळी संपून किती दिवस झाले? तू सांग."

"नऊ," हौसा पुटपुटली.

"मग आत्ताच रक्त दे."

संध्याकाळी पोचलेला भागोजीच बाटली घेऊन परत मुंबईला गेला. तो परत येईपर्यंतचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी सदू गुरव दारात आला. सावित्रीने आपलं काम केलं होतं.

"सोनूबाय, गावाची देवी हाय. उद्या कुणाचा ढोर मेला तरी लोक तुझ्या सुनेचा नाव घेतील."

"कागद येऊ दे, मग काय ता बोलू," मी म्हटलं. तो गेल्यापासून वाडीत कुणाचं पोर खोकलं तरी मला धसका बसायचा. हौसा जेवत नव्हती. तिच्या ताटातला भात तसाच राहायचा.

दुसरा कागद आला. अठ्ठावन्न. पस्तीसच्या वरच, पण बाई म्हणाल्या, ऑपरेशन मी इथंच करते, गाठ बघू, मग ठरवू. वाईट दिसली तर मात्र सगळं काढायचं, अशी सही त्यांनी भागोजीकडून घेतली. हौसाकडूनही घेतली.

ऑपरेशनच्या खोलीचं दार दीड तास बंद होतं. भागोजी विड्या पेटवत होता आणि न ओढताच टाकत होता. बाई बाहेर आल्या, हातात वाटी. आत काकवीसारखं काळं, दाट काहीतरी.

"जुनं रक्त. अस्तराचीच गाठ होती. तुकडा तपासायला पाठवते, पण मला तरी वाईट काही दिसलं नाही. गाठ तेवढी काढली."



हौसाला शुद्ध आली तेव्हा तिने डोळे पूर्ण उघडलेही नव्हते.

"काय काय काढला?"

"गाठ."

"आणि?"

"आणि काय नाय. पिशवी हाय. दोनी बाजू हायत."

"परत सांगा," ती म्हणाली. मी परत सांगितलं. तिने माझा हात चाचपडत धरला आणि तिसऱ्यांदा सांगायला लावलं.