पडद्याबाहेर गेलेलं माप

एका गल्लीतल्या शिवणकामवाल्या बाईंना तिथले सगळेच मावशी म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. त्यांची एक पद्धत होती. इतर ठिकाणी एक जण टेप लावून आकडा ओरडतो आणि दुसरा लिहून घेतो. अख्ख्या दुकानाला तुमची कंबर कळते. मावशी मात्र पडद्याआड माप घेत, आकडा ओठातल्या ओठात पुटपुटत आणि स्वतःच टिपून ठेवत. सव्वीस वर्षांत एकीचं माप दुसरीला कळलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून अभिमान होता.

पूर्वी मापं वहीत असत. चार वर्षांपूर्वी ती कॉम्प्युटरमध्ये गेली आणि घरात वायफाय आलं. बसवायला आलेल्या माणसानं भिंतीवर राउटर लावला, "पासवर्ड त्याच्या पाठीवरच छापलाय" म्हणाला आणि गेला. मावशींनी तो मोठ्या अक्षरांत लिहून आरशाशेजारी चिकटवला. थांबलेल्या गिऱ्हाइकांचा तेवढाच वेळ जातो. कापायच्या टेबलावरच्या टॅबलेटवर मापं दिसावीत म्हणून मापांचं फोल्डरही 'सगळ्यांसाठी खुलं' करून ठेवलं. सगळे म्हणजे आपल्या घरातले, असं त्या समजल्या. आपणही तसंच समजलो असतो, तेव्हा उगाच नाकं मुरडायला नकोत.

एका शनिवारी दुपारी बँकेतल्या बाई पडद्याआड उभ्या होत्या. पाच महिन्यांच्या रजेनंतर सोमवारी त्या कामावर रुजू होणार होत्या. आजारपणात त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. बँकेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कळावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. कुणाची नजर तिथं अडकणार नाही असा कोट त्यांना हवा होता. मावशींनी डावीकडे आतून कापसाची भरणी घालून तो शिवला होता आणि आता शेवटच्या टाचण्या लावत होत्या.

बाहेर एक शेजारीण थांबली होती. फोनमधलं बाहीचं चित्र तिला मावशींच्या प्रिंटरवर छापायचं होतं. प्रिंटर शोधता शोधता तिला भलतंच सापडलं.

"अहो मावशी, तुमची मापं माझ्या फोनवर दिसतायत की," ती कौतुकानं म्हणाली. "ही बघा माझी कंबर. आणि या कोण हो? 'बँकेतल्या बाई, डावीकडे पूर्ण भरणी, ऑपरेशननंतर.' कुठल्या बँकेतल्या?"

पडद्याआड बाईंनी कोट उतरवून मावशींच्या हातात दिला, आपले कपडे घातले आणि कुणाकडेही न बघता त्या निघून गेल्या. शेजारणीच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिचा चेहरा पडला. मावशींना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांची नणंद आली, तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती वाचनालयातले कॉम्प्युटर सांभाळायची.

"वन्सं, मी कुणाजवळ एक शब्द बोलले नाही हो. मग हे चोरलं कुणी?"

"चोरलं कुणीच नाही, वहिनी. तू वाटलंस."

नणंदेनं कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं. त्यात शिरायचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, तिनं पहिल्याच फटक्यात ओळखला. समोर आजवर जोडलेल्या यंत्रांची यादी आली. एकतीस.

"घरात माणसं दोन. एवढे जण तुझ्याकडे कधी जेवायला तरी आलेत का?"

"गिऱ्हाइकं असतील, शेजारी असतील. सगळी चांगली माणसं आहेत हो."

"असू देत. तू माप घेताना पडदा लावतेस, तो काय गिऱ्हाइकं वाईट असतात म्हणून?"

"छे. आतल्या बाईला निर्धास्त वाटावं म्हणून."

"मग इथंही पडदा लाव. बाहेर बसणाऱ्यांचा त्यात काही अपमान नाही."

"पण मला यातलं काही कळत नाही, वन्सं."

"कळत नाही तुला, वहिनी, पण माप बाहेर गेलं त्या बाईंचं."

मावशींनी चष्मा लावला. "तुम्ही सांगत जा, करणार मी."

राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड बदलला. वायफायलाही नवा, चांगला लांबलचक दिला, तो फक्त घरासाठी. गिऱ्हाइकांसाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढलं, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळेल पण घरातलं काही दिसणार नाही. मापांच्या फोल्डरला पासवर्ड लावला. राउटरचं अपडेट कधीचं पडून होतं, तेही केलं. सगळं मिळून पाऊण तास लागला. "एवढ्यात एक बाहीसुद्धा बसवून होत नाही माझी," मावशी खिन्नपणे म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या कोट घेऊन बाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "शेजारणीची नाही, यंत्राचीही नाही. आता सगळं बंद केलंय. शेजारीण कुणाला सांगणार नाही म्हणते, पण तिची हमी मी कशी देऊ? जे कळलं ते मला परत आणता येत नाही. कोट तेवढा पुरा केलाय."

बाईंनी कोट घेतला. दार लावून घेतील असं मावशींना वाटलं, पण त्या आत आरशासमोर गेल्या आणि त्यांनी तो अंगात घातला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"उजवा खांदा जरा ओढतोय," त्या म्हणाल्या.

मावशींनी पिशवीतून टेप काढला. घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी आकडा त्यांनी ओठातल्या ओठातच म्हटला. लिहायला मात्र हात उचलेना.

"लिहून ठेवा, मावशी," बाई म्हणाल्या. "पुढच्या कोटाला लागेल."

मित्रहो, 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय' असं आपण सहज म्हणतो. पण आपल्या घरात नुसतं आपलंच नसतं. विद्यार्थ्यांचे गुण असतात, रुग्णांचे रिपोर्ट असतात, भावाबहिणीनं विश्वासानं पाठवलेले कागद असतात. ते सांभाळणं हे आपलं काम आहे, आणि 'मला त्यातलं कळत नाही' म्हणून ते टळत नाही. कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारावं, त्यात कमीपणा नाही. मावशींच्या आरशाशेजारी आता पाहुण्यांचा पासवर्ड आहे, आणि त्या सोमवारी बँकेतल्या बाई नवा कोट घालून कामावर गेल्या.