भूगोलाच्या कपाटामागे

न्हाणीघराच्या फरशीवर पालथा पडून प्लंबरने मोरीची जाळी काढली, तारेचा आकडा आत सोडला आणि दोन बोटांनी अंदाज घेत वर ओढला. वर आला तो केसांचा पुंजका. लांबसडक, अर्धे काळे, अर्धे पांढरे. पस्तीस वर्षांत त्याने लोकांच्या मोऱ्यांतून अंगठ्या, कवळ्या आणि एकदा एक जिवंत, रागावलेला बेडूक बाहेर काढला होता. मोरीतून काय निघतं यावरून घरात कोण कुणाशी बोलत नाही हे आपल्याला कळतं, असा त्याचा दावा होता. पण ही मोरी त्याच्या स्वतःच्या घरातली होती, आणि लांब केसांचं डोकं घरात एकच होतं.

"अगं, हे तुझे?"

"नाही, माझ्या सवतीचे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "टाकू नका. मला पाकिटात भरायचेत."

"पाकिटात?"

बायको सार्वजनिक ग्रंथालयात होती. जे जे निसटतं, फाटतं, हरवतं त्याला तारीख घालून ठेवायचं, हा तिथला तीस वर्षांचा रिवाज तिच्या अंगात मुरला होता. तिने कपाटाचा खण ओढला. आत अकरा तपकिरी पाकिटं ओळीने उभी होती. आठवड्याला एक. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात तारीख.

"अकरा आठवडे! आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाइप बदलत बसला असता."

हा आरोप प्लंबरला फार लागला. दुसऱ्या दिवशी त्याने पाइप बदलायला घेतले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. केस धुतात पाण्याने, तेव्हा दोष पाण्यात. फोनवर त्याच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं पडलं की वहिनी वेणी करकचून घालते, केसांनी तरी किती सोसावं. परगावी राहणारी मुलगी म्हणाली, "बाबा, ते पाइप राहू द्या. आधी आईचं रक्त तपासून घ्या." प्लंबरने दोघींचं ऐकून घेतलं आणि टाकी उतरवली. चार दिवस दोघांनी बादलीने अंघोळ केली. पाचव्या दिवशी नवा फिल्टर बसला, नळाला आरशासारखं पाणी आलं आणि बायकोचे केस त्या स्वच्छ पाण्यात पूर्वीइतकेच गळू लागले.

त्या सकाळी ती आरशापुढे उभी होती. भांगावरून बोट फिरवत होती, परत परत, रस्ता रुंद झालाय का ते मोजावं तसं.

"शनिवारी कापूनच टाकते सगळे," ती म्हणाली. मग आरशातूनच म्हणाली, "अहो, मला काही मोठं तर झालं नसेल ना?"

प्लंबरच्या हातात पाना होता. तो त्याने उगीचच एकदा घट्ट केला, एकदा सैल केला.

"शनिवार कशाला? आजच डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला.

त्वचेची डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने भिंगातून भांग पाहिला, चिमूटभर केस हलकेच ओढून पाहिले, मुलीच्या हट्टापायी आधीच करून घेतलेले रक्ताचे रिपोर्ट वाचले.

"बायकांचे केस गळायला पुष्कळ कारणं असतात," ती म्हणाली. "थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, एखादं औषध, घराण्याची ठेवण, उपाशी राहून वजन उतरवणं. कधी दोन-तीन एकदम. तुमचं थायरॉइड ठीक आहे. लोह मात्र कमी आहे."

"आणि पाणी?" प्लंबरने विचारलं.

"पाण्याने केस राठ होतात. मुळापासून असे गळत नाहीत."

प्लंबरने चार दिवसांच्या अंगमेहनतीला मनातल्या मनात मूठमाती दिली.

"कधीपासून गळताहेत? साधारण सांगितलं तरी चालेल."

बायकोने पिशवीतून अकरा पाकिटं काढून टेबलावर मांडली. डॉक्टरिणीने भिंग खाली ठेवलं.

"असे पेशंट मला रोज हवेत," ती म्हणाली. पहिल्या पाकिटावरची तारीख तिने वाचली आणि कॅलेंडरची पानं मागे उलटली. "त्याआधी दोन-तीन महिने काय झालं होतं? मोठा ताप, ऑपरेशन, धक्का? अशा वेळी पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात, पण गळतात ते नंतर, दोन-तीन महिन्यांनी."

"छे, हिला काही झालं नव्हतं," प्लंबर म्हणाला. "झालं ते मला. एका गिऱ्हाइकाच्या तळघरात कोसळलो. हृदयाचे दोन पाइप तुंबले होते, स्टेंट घालून मोकळे केले. आणि ही? दगड आहे हो, दगड! सकाळ-संध्याकाळ यायची, विनोद सांगायची. डोळ्यांतून टिपूस..."

हा किस्सा तो पाच महिने सगळ्यांना सांगत होता. शेवटच्या शब्दांवर लोक हमखास कौतुकाने बायकोकडे बघत. डॉक्टरीणही बघत होती. बायको मात्र समोरच्या वजनकाट्याकडे बघत होती, जणू त्यात काही वाचण्यासारखं होतं.

ओल दिसते एका भिंतीला आणि पाइप फुटलेला असतो भलत्याच खोलीत, हे प्लंबरने आयुष्यात हजार गिऱ्हाइकांना समजावलं होतं. त्याचं वाक्य तसंच अर्धं राहिलं.

"परत येतील केस," डॉक्टरीण बायकोला म्हणाली. "सहा महिने धरा, थोडे जास्तही लागतील. लोहाच्या गोळ्या देते. दुपारी जेवता काय?"

"चहा घेते."

"चहा जेवणात मोजत नाहीत."

"तेव्हापासून दुपारची भूकच लागत नाही हो."

दोघं पायीच घरी निघाली. चौकात दिवा लाल होता.

"रडलीस कुठं?" प्लंबरने विचारलं.

"कोण रडलं?"

"अगं, सांग ना."

दिवा हिरवा झाला. ती हलली नाही.

"ग्रंथालयात. भूगोलाच्या कपाटामागे. दुपारच्या सुट्टीत."

"भूगोलच का?"

"तिथं स्टूल आहे," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली. पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "अजूनही जाऊन बसते. तुम्ही परत तळघरांत उतरायला लागलात ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लंबर डबा घेऊन ग्रंथालयात आला. दारातच त्याचा फोन वाजला. 'शांतता राखा' या पाटीखाली उभा राहून तो हळू आवाजात म्हणाला, "नळ असेल तर येतो. तळघर असेल तर दुसरा माणूस बघा, साहेब. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही."

काउंटरवर बायको होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"काय हवंय?"

"भूगोल."

"सभासद आहात?"

"करून घ्या."

तिने खरोखरच फॉर्म काढला, त्याचं नाव-पत्ता त्याला विचारून लिहिला आणि व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबून एकदा त्याच्या डब्याकडे पाहिलं. "शेवटची रांग," ती म्हणाली. "व्हा पुढे. खणाला कुलूप लावून आले."

शेवटच्या रांगेत नकाशांची जाडजूड पुस्तकं होती. त्यांच्यावरची धूळ कुणी हलवली नव्हती. मागे भिंतीशी लाकडी स्टूल होतं, बसून बसून मध्ये गुळगुळीत झालेलं. प्लंबर त्यावर बसला.

समोर हातभर रुंदीची खिडकी होती. खिडकीतून रस्त्यापलीकडचं रुग्णालय दिसत होतं. दुपारी तिथं भेटायला येणाऱ्यांना आत सोडत नसत; तो त्या वेळी औषधांच्या गुंगीत झोपलेला असायचा. त्याने मजले मोजले. तिसरा. मग डावीकडून खिडक्या मोजल्या. चौथी.

आज तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

मागून चपलांचा आवाज आला. प्लंबर घाईने उठला, स्टूल तिच्यासाठी फिरवून खिडकीकडे पाठ येईल असं ठेवलं, आणि डब्याचं झाकण उघडायला लागला.